बैल एक, हात अनेक : चित्रशैलींची ओळख



चित्रकलेच्या तासाला वर्गात हमखास एक वाक्य ऐकू येते, "सर, मला चित्र येत नाही." विचारले, "येत नाही म्हणजे नेमके काय?" की उत्तर मिळते, "बैलासारखा बैल येत नाही." या उत्तरातच आजचा पाठ दडलेला आहे. बैलासारखा बैल म्हणजे कोणासारखा? फोटोत दिसतो तसा, भिंतीवर आजी काढते तसा, की अजिंठ्याच्या लेण्यात आहे तसा? चित्रकाराने काय ठेवले, काय सोडले आणि ते कशाने काढले, यावरून त्याची शैली ठरते. तेव्हा आज आपण एक बैल घेऊ या आणि तो निरनिराळ्या हातांत कसा बदलतो ते पाहू या. पोळ्याला बैल सजवणाऱ्या गावाला दुसरे उदाहरण शोधायची गरजच नाही.

खडकावरचा बैल

आपल्याच मध्य प्रदेशात, भोपाळपासून सुमारे ४५ किलोमीटरवर, रायसेन जिल्ह्यात भीमबेटका आहे. १९५७ साली उज्जैनचे डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर आगगाडीने जात असताना त्यांना खिडकीतून या टेकड्यांचे विचित्र खडक दिसले. ते तेथे चालत गेले आणि खडकांच्या आडोशाला हजारो वर्षांपूर्वीची चित्रे त्यांच्या समोर आली. वाकणकर नीमचचे, मराठी घरातले. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या मराठी मुलांनी हे नाव पाठ करून ठेवायला हरकत नाही. २००३ साली भीमबेटका जागतिक वारसा यादीत गेले.

तेथील चित्रकाराकडे ब्रश नव्हता, कागद नव्हता. होता तो लाल दगड, म्हणजे आपला गेरू, आणि पांढरी माती. गवे, हरणे, रानडुकरे, हत्ती, शिकारी आणि नाचणारी माणसे त्याने काढली. बारकावे नाहीत, सावली नाही, मागे डोंगर नाहीत. पण गवा पळतो आहे की उभा आहे हे लांबूनच कळते. वशिंड, शिंगे आणि पायांचा ताण एवढे नेमके पकडले की बाकीचे बघणाऱ्याचे डोळे भरून काढतात. "मला बैलासारखा बैल येत नाही" म्हणणाऱ्याने हे चित्र आधी बघावे.

अजिंठ्याचा बैल

खकनारहून बुऱ्हाणपूरमार्गे निघाले तर अजिंठा एका दिवसात जाऊन येण्याजोगे आहे. आपल्यातील पुष्कळ जण जळगावला लग्नाला जातात आणि अजिंठा न बघताच परततात, हे नवलच. वाघूर नदीच्या घोड्याच्या नालेसारख्या वळणावर ही लेणी कोरलेली आहेत. क्र. ९ व १० मधील सर्वांत जुनी चित्रे इसवी सनापूर्वीची मानतात, तर क्र. १, २, १६, १७ मधील चित्रे वाकाटकांच्या काळातील, पाचव्या शतकातील. पहिल्या लेण्यातील पद्मपाणी सर्वांना ठाऊक असतो. त्याच लेण्यात झुंजणाऱ्या दोन बैलांचेही चित्र आहे. माना खाली, शिंगे भिडलेली, सगळे बळ खांद्यात आलेले. रेषा एकसारखी जाड नाही. जेथे अंग फुगते तेथे ती वळते आणि नुसत्या तिच्या वळणाने अंगाला गोलाई येते. अजिंठा शैलीचा हा प्राण आहे.

हे काम कसे केले तेही समजून घ्या, कारण तुमच्या घरातील सारवण्याशी त्याचे नाते आहे. खडबडीत कातळावर आधी मातीचा थर दिला. त्या मातीत भाताचे तूस, गवत, तंतू असे काहीबाही मिसळले, म्हणजे वाळताना भेगा पडू नयेत. आपण भिंत लिंपताना भुसा घालतो तो याचसाठी. त्यावर चुन्याचा पातळ, गुळगुळीत हात. मग रेखाटन, मग रंग. तांबडा आणि पिवळा गेरू, हिरवी माती, काजळी आणि पांढरी माती हे रंग बहुतेक जवळपासचेच. निळा मात्र राजावर्त दगडाचा, तो अफगाणिस्तानकडून व्यापाऱ्यांबरोबर आला. रंग भिंतीला धरून राहावा म्हणून त्यात डिंकासारखा चिकट पदार्थ घातलेला होता. चित्र कोरड्या भिंतीवर केलेले आहे. ओल्या चुन्यावरच रंग भरण्याची पद्धत वेगळी. तिला फ्रेस्को म्हणतात. तीत चुना वाळताना रंग त्याच्यातच पकडला जातो आणि डिंकाची गरज लागत नाही. राजस्थानात शेखावाटीच्या हवेल्यांवर अशी कामे पाहायला मिळतात.

आता थोडी वाईट वाटणारी हकिकत सांगतो. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी शिकारीला आला असता त्याला ही लेणी दिसली. त्याने दहाव्या लेण्यात, चित्राच्या अंगावरच, आपले नाव व तारीख कोरून ठेवली. ती आजही आहे. पुढे १८४४ पासून रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे लेण्यांत बसून मोठमोठ्या नकला केल्या. त्या लंडनला पाठवल्या आणि १८६६ साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन नव्याने नकला केल्या. त्यातील पुष्कळ १८८५ साली लंडनमध्येच पुन्हा आगीत गेल्या. १९०९ ते १९११ मध्ये लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर नंदलाल बोस यांच्यासारख्या तरुण चित्रकारांनी तिसऱ्यांदा तेच काम केले. इकडे भिंतीवरचे मूळ चित्र ढासळत होते. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ आणले. त्यांनी पोपडे बसवले हे चांगले झाले, पण वर लाखेचे रोगण दिले आणि ते कालांतराने पिवळे पडले.

जो भाग आता भिंतीवर उरला नाही, तो त्या नकलांमुळेच आपल्याला कळतो. म्हणून वर्गात नक्कल करणाऱ्याला "कॉपी मारली" असे चिडवू नये. समोरच्या चित्राची रेषा न् रेषा समजून घेत केलेली नक्कल हा जुना आणि मानाचा अभ्यास आहे. आणि सहलीला गेल्यावर जुन्या भिंतीवर खिळ्याने नाव कोरणाऱ्याने जॉन स्मिथ आठवावा. दोनशे वर्षे लोक त्याचे नाव वाचतात खरे, पण कोणत्या भावनेने वाचतात तेही बघावे.

दरबारातला बैल

बुऱ्हाणपूर आपले जिल्ह्याचे ठिकाण. अकबराचा सेनापती आणि दोह्यांसाठी प्रसिद्ध असलेला अब्दुर्रहीम खानखानान येथे पुष्कळ वर्षे राहिला. हिंदीच्या पुस्तकातील 'रहीम' तो हाच. त्याच्या पदरी चित्रकार होते. त्यांनी रामायणाची सचित्र प्रत तयार केली. ती सध्या अमेरिकेत वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. एका मुसलमान सरदाराने स्वतःसाठी रामायण रंगवून घेतले, ही गोष्ट इतिहासाच्या तासालाही सांगण्यासारखी आहे. शाही किल्ल्यातील हमामखान्याच्या छतावर वेलबुट्टी आणि चांदण्यांसारख्या आकृत्या रंगवलेल्या आहेत. पुढच्या वेळी तेथे गेलात की मान वर करून पाच मिनिटे बघा, नुसते फोटो काढून बाहेर पडू नका.

मोगल दरबारातील चित्रे लहान, पुस्तकाच्या पानाएवढी असत. त्यांना लघुचित्रे म्हणतात. कागदाचे थर चिकटवून जाड पान करायचे, गुळगुळीत दगडाने घोटायचे, खारीच्या शेपटीच्या केसांच्या कुंचल्याने रंग भरायचा आणि पुन्हा घोटायचे. येथे बैलाच्या कानातले केससुद्धा मोजता येतील. जहांगीर बादशहाचा मन्सूर हा चित्रकार पशुपक्ष्यांसाठी नावाजलेला होता. १६२१ साली दरबारात आफ्रिकेतून झेब्रा आला. कोणीतरी घोड्यावर पट्टे रंगवून आणले असावेत अशी लोकांना शंका आली, असे जहांगिराने स्वतःच लिहून ठेवले आहे. मन्सूरने त्या झेब्र्याचा पट्टा न् पट्टा पाहून चित्र काढले.

या चित्रकारांचा हात किती तयार होता? इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ साली बुऱ्हाणपूरला शाहजादा परवेझला भेटून पुढे अजमेरला गेला. त्याच्याजवळचे एक इंग्रजी चित्र जहांगिराने आपल्या चित्रकारांकडून उतरवून घेतले आणि मूळ चित्र व नकला रात्री मेणबत्तीच्या उजेडात त्याच्यापुढे ठेवल्या. आपलेच चित्र ओळखायला रोला बराच वेळ लागला.

तरीही हे 'फोटोसारखे' चित्र नव्हे. लघुचित्रात विहीर वरून पाहिल्यासारखी गोल दिसते आणि मोट ओढणारा बैल बाजूने. दूरचा माणूस लहान होत नाही, तो फक्त पानावर वर सरकतो. ही चूक समजू नका. चित्रकाराला विहिरीचे तोंडही दाखवायचे आहे आणि बैलाची पाठही, मग त्याने एकाच जागी उभे का राहावे? त्याच सतराव्या शतकातील माळवा शैली तर याहून सडेतोड. मागे सपाट तांबडा किंवा काळा-निळा रंग, दोन-चार आकृती, एक झाड, संपले चित्र. मला स्वतःला मोगल बारकाव्यांपेक्षा माळव्याचा हा अघळपघळपणा अधिक भावतो.

मराठ्यांच्या राज्यातही वाड्यांच्या भिंती रंगल्या. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यात आणि चांदवडला होळकरांच्या रंगमहालात ती कामे आहेत. दूर तंजावरला भोसले घराण्याच्या आश्रयाने सोन्याचा वर्ख आणि उठावाचे काम असलेली देवदेवतांची चित्रे बहरली. ती आज सारा देश 'तंजावर शैली' म्हणून ओळखतो. कोकणात कुडाळजवळ पिंगुळीचे चित्रकथी सुट्या कागदांवर रामायण-महाभारताचे प्रसंग रंगवतात आणि एकेक पान समोर धरून गात कथा सांगतात.

फोटोसारखा बैल

आता वर्गातील त्या मुलाला हवा असलेला बैल. ही पद्धत आपल्याकडे मुख्यतः इंग्रजी शिक्षणाबरोबर आली. मुंबईचे जे. जे. कला विद्यालय १८५७ साली सुरू झाले. तेथे मुलांना समोर वस्तू ठेवून उजेड-सावली बघायला आणि यथादर्शन शिकवले जाऊ लागले. यथादर्शन समजायला बुऱ्हाणपूर स्टेशनच्या पुलावर उभे राहा. खाली समांतर असणारे रूळ दूर जाऊन एका बिंदूत मिळाल्यासारखे दिसतात, खांब लहान लहान होत जातात. डोळ्याला जसे दिसते तसेच कागदावर उतरवायचे, हा या शैलीचा नियम. महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांनी या पद्धतीने मराठी माणसांची गर्दी, लग्ने, बाजार अशी असंख्य चित्रे केली.

सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे एक चित्र तुम्ही कोठेतरी नक्की पाहिले असेल. एक मुलगी समई हातात धरून उभी आहे, ज्योतीचा उजेड बोटांतून झिरपून चेहऱ्यावर पडतो आहे. पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्याचे समजतात. ते हळदणकरांचे आहे, समोर उभी मुलगी त्यांची स्वतःची आहे आणि मूळ चित्र मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. विशेष म्हणजे ते जलरंगात आहे. जलरंगात पांढरा उजेड म्हणजे कोरा सोडलेला कागद. एकदा रंग पडला की तो उजेड परत येत नाही. तेव्हा ज्योत काढायची म्हणजे ज्योतीभोवतीचा अंधार जपून रंगवायचा.

रविवर्म्याने तैलरंगात देवदेवता रंगवल्या आणि १८९४ साली मुंबईत छापखाना काढून त्या घरोघर पोचवल्या. आजोबांच्या देवघरातील लक्ष्मी-सरस्वती आणि पुढची मुळगावकरांची कॅलेंडरे याच वाटेने आली. दीनानाथ दलालांची दिवाळी अंकांची मुखपृष्ठे ज्यांच्या घरी जुन्या पेटीत असतील त्यांनी मुलांना अवश्य दाखवावीत. रद्दीत मात्र देऊ नयेत.

रंगांबद्दल एक गोष्ट येथेच सांगून टाकतो, कारण मुले रंगाची नावे पाठ करतात आणि रंग म्हणजे काय ते विसरतात. कोणताही रंग म्हणजे भुकटी आणि चिकटवणारा पदार्थ. तोच गेरू डिंकाच्या पाण्यात कालवला की जलरंग, जवसाच्या (आपल्याकडे अलसीच्या) तेलात घोटला की तैलरंग, ओल्या चुन्यावर लावला की फ्रेस्को आणि प्लास्टिकच्या चिकात मिसळला की ॲक्रिलिक. जलरंग पाणी उडून वाळतो. जवसाचे तेल वाळत नाही, ते हवेतील प्राणवायू घेऊन घट्ट होते. त्यामुळे तैलचित्र वाळायला दिवस लागतात आणि चित्रकाराला आज केलेले उद्या बदलता येते. गोडे तेल घेऊन प्रयोग करू नका, ते तसे घट्ट होत नाही आणि वह्या मात्र खराब होतात.

गंज्या, ठिपके आणि मोडलेला बैल

कॅमेरा आल्यावर चित्रकारांपुढे प्रश्न उभा राहिला. हुबेहूब तर यंत्रच काढते, मग आपण काय काढावे? फ्रान्समध्ये क्लोद मोने याने १८९०-९१ च्या सुमारास शेतातील गंज्यांची वीस-पंचवीस चित्रे केली. विषय तोच, वेळ वेगळी. सकाळची गंजी गुलाबी, संध्याकाळची जांभळी, बर्फातली निळसर. गंजी हे नुसते निमित्त, काढायचा होता तो उजेड. या शैलीला दृक्प्रत्ययवाद म्हणतात. कडब्याच्या गंज्या आपल्या खळ्यात कमी आहेत का? तीन वेळा जाऊन बघा, ती खरोखर तीन रंगांची दिसते. एक गमतीची बाब म्हणजे, १८४१ साली धातूच्या नळीत, म्हणजे ट्यूबमध्ये, रंग भरण्याची युक्ती निघाली म्हणून चित्रकार असे शेतात जाऊ शकले.

इंदूरला १९२७ साली दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी कलाशाळा सुरू केली. देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली तयार झालेले विद्यार्थी म्हणजे नारायण श्रीधर बेंद्रे, मकबूल फिदा हुसेन, देवकृष्ण जोशी, विष्णु चिंचाळकर! एका गावातील एका शिक्षकाच्या वर्गातून एवढे निघाले, हे आपल्या विश्वस्त मंडळींनी ध्यानात घ्यावे. बेंद्रे (१९१०–१९९२) इंदूरचेच. त्यांनी उत्तरायुष्यात ठिपक्याठिपक्यांनी चित्रे रंगवली. वेगवेगळ्या रंगांचे ठिपके शेजारी ठेवले की लांबून डोळा ते एकमेकांत मिसळतो. वर्तमानपत्रातील रंगीत फोटो भिंगाखाली धरा, असेच ठिपके दिसतील. पंढरपुरात जन्मलेल्या आणि इंदूरला वाढलेल्या हुसेन यांनी मुंबईत सिनेमाचे फलक रंगवून पोट भरले आणि दोन-चार जोरकस फटकाऱ्यांत घोडा उभा करण्याची हातोटी मिळवली. चिंचाळकर गुरुजींनी तर वाळलेली पाने, बिया, तुटक्या वस्तू यांतून पक्षी आणि माणसे शोधली. रंगाचा डबा नाही ही सबब त्यांच्यापुढे चालली नसती.

आता आपल्या बैलाकडे वळू. पाब्लो पिकासो या स्पॅनिश चित्रकाराने १९४५ च्या डिसेंबरपासून १९४६ च्या जानेवारीपर्यंत पॅरिसमध्ये एका छापखान्यात बसून एकाच बैलाचे अकरा टप्पे केले. पहिला बैल खरा, केसाळ. पुढे तो जाडजूड आणि दणकट होतो. मग त्याच्या अंगावर खाटकाने भाग आखावेत तशा रेषा येतात. त्यानंतर एकेक गोष्ट वजा होत जाते आणि अकराव्या चित्रात उरतात नुसत्या काही रेषा, एवढेसे डोके, दोन शिंगे. तरी बैलच! बिघडत गेला असे वाटणाऱ्याने अकरा चित्रे उलट क्रमाने बघावीत. पहिल्यापाशी पोचल्याशिवाय शेवटचे काढता येत नाही, हे तेव्हा कळते. आणि शेवटचे चित्र भीमबेटक्याच्या किती जवळ आहे, तेही.

याच्याही पुढे गेलेले चित्रकार आहेत. मंडला जिल्ह्यातील जंगलच्या गावी जन्मलेले आणि नागपूरला शिकलेले सय्यद हैदर रझा (१९२२–२०१६) हे 'बिंदू'चे चित्रकार म्हणून जगभर ओळखले गेले. लहानपणी मास्तरांनी त्यांना चित्त स्थिर व्हावे म्हणून भिंतीवरच्या ठिपक्याकडे बघत बसवले होते, असे ते सांगत. नागपूरचेच वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांच्या अमूर्त चित्रांत बैल शोधून सापडणार नाही. तेथे आहे रंग आणि शांतता. रागाचा आलाप ऐकताना आपण शब्द मागत नाही, तसेच तेथे वस्तू मागू नये. पालकांपैकी कोणाला हे पटले नाही तरी माझी तक्रार नाही. मलाही पटायला वेळ लागला.

आजीच्या भिंतीवरचा बैल

डहाणू-तलासरीकडे वारली स्त्रिया लग्नघरी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवचौक लिहितात. बांबूची काडी चावून तिचाच कुंचला. दोन त्रिकोण टोकाला टोक जोडले की माणूस झाला. बिहारमध्ये मधुबनीच्या स्त्रिया कोहबराच्या भिंती रंगवतात. ही दोन्ही कामे कागदावर येण्यामागे एकच मराठी चित्रकार आहे, भास्कर कुलकर्णी. १९६६-६७ च्या बिहारच्या दुष्काळात त्यांनी मधुबनीच्या बायकांना कागद दिला, म्हणजे चित्रे विकून घरात धान्य यावे. पुढे ते वारल्यांच्या पाड्यावर गेले आणि तेथे जिव्या सोमा म्हसे पुढे आले. म्हशांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले.

आपल्या राज्यातही असेच घडले. झाबुआकडे भिल्लांमध्ये नवसाचे पिठोरा चित्र घराच्या भिंतीवर लिहितात, त्यातील देवाचे घोडे काढण्याचा मान पुरुषांचा. पिटोल गावची भूरीबाई भोपाळला मजुरीसाठी गेली. भारत भवनाची इमारत बांधली जात होती, तेथे ती काम करी. चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांनी तिला कागद आणि रंग देऊन गावाकडे जे काढतेस ते काढ म्हटले. २०२१ साली त्याच भूरीबाईंना पद्मश्री मिळाली. स्वामिनाथन यांच्याच माणसांना पाटणगढ गावात भिंतीवरील चित्रामुळे जनगढसिंह श्याम हा परधान गोंड तरुण सापडला. ठिपके आणि छोट्या रेघांनी अंग भरलेले त्याचे प्राणी इतके नवे होते की त्या पद्धतीला 'जनगढ कलम' हेच नाव पडले. २००१ साली जपानमध्ये त्याचे निधन झाले, पण आज पाटणगढची कितीतरी घरे त्या कलमावर चालतात.

आता आपल्या तालुक्याकडे येऊ. खकनारच्या आसपास कोरकू, भिल्ल, भिलाला, बंजारा, मराठी शेतकरी अशी सगळी वस्ती आहे. मातीची घरे जाऊन पक्की घरे येत आहेत आणि यावी हेच योग्य, पावसात गळणाऱ्या घराचे कौतुक ज्याला गळत नाही त्यानेच करावे. पण घर पाडले की भिंत जाते आणि भिंतीबरोबर आजीच्या बोटांची नक्षीही जाते. अजिंठ्याला गिल आणि ग्रिफिथ्स होते. येथे कोण आहे? सहावी ते दहावीची मुले आहेत. चौकटीच्या वही-पानावर, माप घेऊन, जसेच्या तसे उतरवून ठेवता येते. हे कोणी काढले, कोणत्या सणाला, कशाने आणि आजी त्याला काय म्हणते, हे आजीच्याच शब्दांत खाली लिहावे, मग ते मराठी असो, कोरकू असो की निमाडी. मोबाइलवर फोटो जरूर काढावा, पण हाताने उतरवल्याशिवाय रेषा कोठून सुरू झाली हे समजत नाही.

पालकांना एक विनंती. चित्राच्या वहीकडे अभ्यासातून उरलेल्या वेळेतली गोष्ट म्हणून पाहू नका. मलकापूर-जळगावकडची आपली भाचेकंपनी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसते, आपली मुले राज्याच्या सीमेअलीकडे असल्याने त्यांना ती सोय सहज मिळत नाही. शाळेलाच ती उणीव भरून काढावी लागेल. विश्वस्त मंडळाकडे मागणी लहान आहे. व्हरांड्याची एक भिंत ऑइल पेंटने न रंगवता चुन्याने पांढरी करून मुलांना द्यावी. वर्षाअखेर पुन्हा चुना मारला की नव्या मुलांना नवी भिंत. खर्च एका गोणी चुन्याचा.

पोळ्यापर्यंतचा गृहपाठ असा. घरचा किंवा शेजारचा बैल अर्धा तास समोर बसून बघावा, फोटोवरून काढू नये. पहिले चित्र दिसेल तसे, पेन्सिलीने. दुसरे गेरू व चुन्याने, फक्त बाह्य आकार. तिसऱ्यात पिकासोप्रमाणे एकेक गोष्ट वजा करत जावी आणि बैल ओळखू येईनासा होण्याच्या एक पायरी आधी थांबावे. डिंक बाभळीचा किंवा कडुनिंबाचा चालेल, रात्री भिजत घालून सकाळी फडक्याने गाळून घ्यावा. चित्रामागे आपले नाव, इयत्ता, गाव आणि बैलाचे नाव लिहावे.